लहान मुलांचा सूट: गोष्ट कोटाची कमी, पँटची जास्त

प्रश्न असा आहे: मामाच्या लग्नासाठी सात वर्षांच्या मुलाला सूट शिवायचाय. दुकानात मिळतात ते सगळे बापाच्या सुटाची छोटी कॉपी वाटतात. जुन्या इंग्रजी फोटोंमधली मुलं मात्र हाफ पँटवर कोट, खांद्यापर्यंत आलेली रुंद कॉलर, नाहीतर खलाशाचा पोशाख अशा थाटात दिसतात. यातला मुलांच्या सुटाचा खरा, मूळ प्रकार कोणता? आणि आज तसा शिवून घेण्यात अर्थ आहे का?

माझ्या कटिंगच्या टेबलावर लहान मुलांचे सूटही येतात आणि नाटकांसाठी जुन्या काळातले पोशाखही. त्यामुळे उत्तर कात्रीच्या बाजूने देतो. मूळ असा एक प्रकार नाहीच. बापाच्या कपड्यांची छोटी कॉपी हा सगळ्यांत जुना प्रकार आणि सगळ्यांत नवाही तोच. मधली साधारण दीडशे वर्षं मात्र युरोप-अमेरिकेत मुलग्यांचा सूट ही वेगळीच वस्तू होती. तिचं बेतणं वेगळं, नियमही वेगळे. त्या काळातले सगळे प्रकार नीट पाहिले तर खरी गंमत कोटात नसते, पँटमध्ये असते. पँट अडकवायची कशाला, ठेवायची किती लांब आणि पूर्ण लांबीची द्यायची केव्हा, याभोवतीच सगळं फिरतं.

हे समजायला आधी मुलाचं शरीर बघू. सात वर्षांच्या मुलाला टेप लावली की छाती 24 इंच आणि कंबर 22 इंच, अशी मापं येतात. पोट पुढे, मागे सीट जवळजवळ नाही, मान आखूड, डोकं अंगाच्या मानाने मोठं. मोठ्या माणसाची पँट कमरेच्या हाडावर बसते. या वयात ते हाड पँट धरून ठेवण्याइतकं बाहेर आलेलंच नसतं, म्हणून मूल धावलं की पँट घसरते. त्यात या वयाचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतं आणि त्यातली बरीच वाढ पायांत जाते. म्हणजे कोट दोन हंगाम चालेल, पँट एकच. शिंप्याची ही डोकेदुखी 1780 सालीही होती आणि आजही आहे.

अठराव्या शतकापर्यंत युरोपात यावर उपाय सोपा होता: लहान मुलाला पँट द्यायचीच नाही. चार ते सात वर्षांपर्यंत मुलगा असो वा मुलगी, अंगात झगाच. वाढला तर खालची दुमड उसवून सोडायची, ओला केला तर बदलायचा. मग एका ठरलेल्या दिवशी मुलग्याला पहिली विजार चढवायची. घरात तो सोहळाच असे, आपल्याकडच्या जावळासारखा, पाहुणे आणि कौतुक यांच्यासह. त्या दिवसानंतर मुलगा थेट छोटा गृहस्थ. बापासारखाच लांब कोट, वेस्टकोट, गुडघ्याखाली बांधलेली तंग विजार, आणि घर मोठं असेल तर कमरेला छोटी तलवारसुद्धा. आपल्या दरबारी चित्रांतही छोट्या राजपुत्राच्या अंगावर छोटा अंगरखा आणि डोक्यावर छोटी पगडीच दिसते. मूल म्हणजे कमी मापाचा मोठा माणूस, हा समज एका देशापुरता नव्हता.

तो मोडला तो स्केलेटन सूटने. मला विचाराल तर मुलांच्या कपड्यांच्या इतिहासातलं हे सगळ्यांत हुशार बेतणं. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने 1693 मध्ये आणि रूसो या दुसऱ्या तत्त्वज्ञाने 1762 मध्ये मुलांना आवळून बांधू नका, त्यांना हालचाल करू द्या असं लिहिलं. श्रीमंत घरांत ते वाचलंही गेलं. पण निव्वळ पुस्तकं वाचून पँट वर राहत नाही. 1780च्या सुमारास शिंप्यांनी जी युक्ती पक्की केली ती अशी: कोट कमरेच्या वरच संपवायचा, त्याच्या खालच्या कडेला गोल बटणं लावायची, पँटच्या पट्टीला काजं करायची आणि पँट कोटालाच लावून टाकायची. पँटचं सगळं वजन खांद्यावर. पट्टा नको, गॅलिस (पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे) नको, कंबर नसली तरी बिघडत नाही. मूल वाढलं की बटणं थोडी खाली सरकवून लावली, तेवढी लांबी मिळाली. गळ्याशी मऊ झालरीची उघडी कॉलर, म्हणजे आखूड मानेला काही टोचत नाही. कापड बहुतेक वेळा धुता येईल असं सुती, त्यात चीनहून येणारं पिवळसर नानकीन फार चाले. चार्ल्स डिकन्सने पुढे या सुटाची थट्टा केली, की पोराचे पाय जणू काखेखालीच टांगले आहेत असं दिसतं. दिसतं खरं तसं. पण तो ज्याला विनोद म्हणतो, तीच त्या सुटाची सोय आहे.

हा पोशाख डोळ्यांनी पाहायचा असेल तर गोया या स्पॅनिश चित्रकाराने 1787-88 च्या आसपास काढलेलं मानुएल ओसोरिओ या मुलाचं चित्र पाहा. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, इंटरनेटवर मोठ्या आकारात मिळतं. मूल तीन-चार वर्षांचं. अंगात लालभडक एकसंध सूट, कमरेला रुपेरी-पांढरा चमकदार पट्टा, गळ्यात लेसची कॉलर, हातात दोरी आणि दोरीला बांधलेला मॅगपाय पक्षी. मागे तीन मांजरं त्या पक्ष्यावर टपून बसलेली. बहुतेक लोक मांजरांकडे बघतात, मी कंबर बघतो. वरचं आणि खालचं कापड एकाच ताक्यातलं, आणि जिथे कंबर हवी तिथे नुसता रुंद पट्टा. म्हणजे कंबर शिवलेली नाही, बांधून दाखवली आहे. नाटकासाठी असा पोशाख शिवायचा झाला तर तो पट्टा विसरून चालत नाही, नाहीतर मूल रंगमंचावर झोपायच्या कपड्यांत आल्यासारखं दिसतं.

आणखी एक उलटी गोष्ट इथेच घडली. त्या काळी प्रतिष्ठित पुरुष गुडघ्यापर्यंतचीच विजार घालत. घोट्यापर्यंतची सैल पँट होती खलाशांची आणि मजुरांची. तरीही सरदारांच्या घरातल्या पोरांना ती आधी मिळाली, आणि बापांनी ती औपचारिक पोशाखात स्वीकारायला आणखी एक पिढी गेली. म्हणजे “मोठ्यांची फॅशन मुलं उचलतात” हा नेहमीचा ठोकताळा इथे सपशेल खोटा ठरतो. पुढे पुरुषांनी लांब पँट पक्की धरली, तेव्हा मुलं पुन्हा वेगळी दिसायला हवी होती. म्हणून मुलांची पँट गुडघ्याकडे वर गेली. हाफ पँट हे लहानपणाचं चिन्ह झालं ते असं, मोठ्यांनी लांब पँट घेतल्यानंतर.

आता खलाशी सूट. मुलांच्या पोशाखात इतक्या नेमक्या तारखेपर्यंत पोहोचता येईल असं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल. सप्टेंबर 1846 मध्ये राणी व्हिक्टोरिया ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट’ या राजनौकेवर होती. मुलगा आल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, चार वर्षांचा. नौकेवर खलाशांचे कपडे शिवणाऱ्या माणसाकडूनच त्याच्यासाठी छोटा खलाशी पोशाख शिवून घेतला आणि तो घालून पोरगा डेकवर आला. खलाशी बेहद्द खूश झाले, असं राणीने स्वतः रोजनिशीत लिहिलंय. त्याच वर्षी विंटरहाल्टर या चित्रकाराने त्या पोशाखात त्याचं चित्र काढलं. पांढरी ब्लाउज-पँट, मोठी निळी कॉलर, गळ्यात काळा रुमाल, हात खिशात. तो प्रत्यक्ष पोशाख आज ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये आहे. ब्रिटिश नौदलाने साध्या खलाशांचा गणवेश अधिकृतपणे ठरवला तो 1857 मध्ये. म्हणजे पोराचा पोशाख आधी आणि सरकारी नियम अकरा वर्षांनी.

चित्रामुळे तो गाजला, पण टिकला तो कटमुळे. ब्लाउज डोक्यातून घालायचा, पुढे बटणं नाहीत, गळा खोल आणि मोकळा, खांदे सैल. मानेखालची चौकोनी कॉलर सपाट पडते, त्यामुळे आखूड मान उलट उठून दिसते. उन्हाळ्यात पांढरं सुती, थंडीत निळं सर्ज, म्हणजे लोकरीचं कापड. 1870 नंतर तर जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया, सगळीकडे राजघराण्यांपासून कारकुनांपर्यंतच्या पोरांच्या अंगावर हाच. जर्मनीत त्याला कील बंदराचं नाव चिकटलं, आणि व्हिएन्नाच्या बालगायकांच्या प्रसिद्ध पथकाने तो विसाव्या शतकात उचलला तो आजतागायत. कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेघा म्हणजे ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचे तीन विजय, असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या. ती नंतर रचलेली कथा आहे.

याच्या अगदी उलट ईटनचा सूट. ईटन कॉलेज या इंग्लंडमधल्या बड्या शाळेत 5 फूट 4 इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना कमरेशीच कापलेलं काळं जॅकेट, वेस्टकोट, करडी पँट आणि जॅकेटवर बाहेर पसरलेली रुंद, स्टार्च केलेली पांढरी कॉलर. त्याहून उंच झालं की टेलकोट. म्हणजे इथे मोठेपण वयाने नाही, फुटपट्टीने ठरत होतं. जॅकेट इतकं आखूड की इंग्लंडमध्ये त्याला चेष्टेने “बूड गोठवणारं” म्हणत. तिसरा जॉर्ज 1820 मध्ये वारला आणि त्या सुतकापासून ईटनची मुलं काळ्यात राहिली, अशी लोकप्रिय गोष्ट आहे. पुरावा कच्चा आहे. खरं महत्त्व वेगळ्याच गोष्टीला आहे. हा एका शाळेचा पोशाख पाहता पाहता अख्ख्या ब्रिटनमधल्या पोरांचा रविवारचा ठेवणीतला पोशाख झाला. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी ईटन पाहिलं नाही, तीही मुलं चर्चमध्ये ती कॉलर लावून बसत. स्टार्चची कॉलर रोज धुवायला परवडत नसे, त्यांच्यासाठी पुढे सेल्युलॉइडची निघाली, ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ. त्या कॉलरमध्ये सात वर्षांचं मूल दोन तास कसं बसत असेल याची मला कायम दया येते. ईटनमधलं हे आखूड जॅकेट 1967 मध्ये बंद झालं, टेलकोट अजून आहे.

फॉन्टलरॉय सूटबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण तो टाळता येत नाही. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटची ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही कथा 1885-86 मध्ये एका अमेरिकन बालमासिकात क्रमशः आली. त्यात रेजिनाल्ड बर्चने नायकाची चित्रं काढली: काळा मखमली कोट, गुडघ्यापर्यंतची मखमली विजार, मोठी लेसची कॉलर, लांब कुरळे केस. बर्नेटबाई आपल्या मुलांना असेच कपडे घालत, आणि धाकटा व्हिव्हियन हाच त्या नायकाचा नमुना. अमेरिकेतल्या आया वेड्या झाल्या आणि पोरं वैतागली. व्हिव्हियन मोठेपणी फॉन्टलरॉय या नावाला इतका कंटाळला होता, तरी 1937 मध्ये उलटलेल्या बोटीतल्या लोकांना वाचवून तो स्वतः गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळ्यात तेच नाव छापलं.

या सुटाची वंशावळ बघितली की हसू येतं. गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराचं प्रसिद्ध ‘ब्लू बॉय’ हे चित्र 1770चं. त्यातल्या पोराने जे निळं साटीन घातलंय ते 1770च्या फॅशनचं नाहीच. ते त्याच्याही सुमारे 140 वर्षं आधीच्या, व्हॅन डाइकच्या चित्रांतल्या थाटाचं सोंग आहे. लेखक ऑस्कर वाइल्ड 1882 मध्ये मखमली कोट आणि आखूड विजार घालून अमेरिकाभर भाषणं देत फिरला, त्याने असल्या वेषाची हवा तापवून ठेवली होती. त्यावर फॉन्टलरॉय बेतला गेला. म्हणजे सोंगावरून घेतलेलं सोंग. कट म्हणून त्यात मुलासाठी काही सोय नाही, मखमल धुता येत नाही, लेस फाटते. तरी चर्चमधल्या लग्नांत नवरीमागे चालणाऱ्या छोट्या पोरांना मखमल चढवायची हौस मागे राहिली ती यामुळेच.

शिंप्याला आवडणारा सूट म्हणजे नॉरफोक. शिकारीचं जॅकेट, पुढे-मागे उभ्या बॉक्स प्लेट, त्याच कापडाचा पट्टा, खाली गुडघ्याशी आवळलेली सैल निकरबॉकर. प्लेट मुळात बंदूक उचलताना खांदा मोकळा राहावा म्हणून. मुलाच्या अंगात त्याच प्लेट वाढीला जागा देतात आणि पट्टा कमरेची खोटी रेष दाखवतो. गोयाच्या चित्रातला पट्टा आठवा. शंभर वर्षांनी तीच युक्ती जाड ट्वीडमध्ये.

विसाव्या शतकात ब्रिटन करड्या फ्लॅनेलच्या हाफ पँटवर स्थिरावला आणि अमेरिका निकरबॉकरवर. 1908 पासून बेडन-पॉवेलच्या बालवीरांनी हाफ पँटला धडधाकटपणाची प्रतिष्ठा मिळवून दिली. दोन्हीकडे पहिली लांब पँट हा पौगंडातला मोठा दिवस. जुना पहिल्या विजारीचा सोहळा सात-आठ वर्षांनी पुढे सरकला होता, एवढंच. युद्धात, 1 जून 1941 पासून ब्रिटनमध्ये कपड्यांना कूपन लागलं. हाफ पँटला कापड कमी, कूपनही कमी, त्यामुळे ती आणखी टिकली. ते रेशनिंग 1949 मध्ये उठलं. पुढच्या दोन दशकांत जीन्स आली, पॉलिएस्टर आलं, मुलांना रोज सूट घालायची गरजच संपली. सूट उरला फक्त समारंभापुरता, आणि समारंभाला बापासारखं दिसायचं. वर्तुळ पुरं झालं. ब्रिटिश राजघराण्याने हाफ पँटची रीत बरीच वर्षं पाळली, पण 2021 मध्ये वेम्बलीवर फुटबॉल बघताना राजपुत्र विल्यमचा मुलगा जॉर्ज, आठही पूर्ण नसलेला, पूर्ण सूट आणि टाय लावून बसला होता.

आपल्याकडे यातलं काय आलं? शंभर वर्षांपूर्वीचे मराठी घरांतले स्टुडिओ फोटो काढा. मुलगा बंद गळ्याच्या कोटात, डोक्यावर जरीची किंवा मखमली टोपी, खाली धोतर नाहीतर चड्डी. कोट साहेबाचा, बाकी घरचं. पूर्ण इंग्रजी सूट पारशी, ख्रिस्ती आणि बड्या नोकरदारांच्या घरांत आधी शिरला. वसई-गोव्याकडे पहिल्या कम्युनियनला मुलग्याला पांढरा सूट शिवायची पद्धत आजही आहे, आणि हातात मेणबत्ती घेतलेले ते फोटो युरोपातल्या फोटोंशेजारी ठेवले तर पटकन फरक सांगता येणार नाही. बाकी सगळ्यांना इंग्रजांचा वारसा मिळाला तो शाळेच्या गणवेशातून: सातवीपर्यंत हाफ पँट, आठवीत फुल पँट. पहिल्या फुल पँटचा तो रुबाब कित्येकांना आठवत असेल, आणि तो थेट त्या ब्रिटिश-अमेरिकी रीतीचाच धागा आहे. मग टेरिकॉटच्या काळात छोटे सफारी सूट आले. बापाच्या सफारीतून उरलेल्या कापडात पोराचा बसवणं हे तेव्हाच्या कटरचं खरं कसब. आज घाऊक बाजारात बाबासूट म्हणून जे मिळतं त्यात थ्री-पीसपासून जोधपुरीपर्यंत सगळं येतं, आणि ते बहुतेक मोठ्या माणसाचाच पॅटर्न लहान करून कापलेलं असतं. खांदे पडतात आणि पँट घसरते ती त्यामुळे.

तर तुमच्या मुलाला काय शिवावं? अस्सल जुना हवा असेल तर खलाशी किंवा नॉरफोक निवडा, ईटन आणि फॉन्टलरॉय नको. मे महिन्यातल्या मंगल कार्यालयात मखमल म्हणजे छळ. हाफ पँटचा सूट या वयाला सुरेख दिसतो, पण आधी मुलाला विचारा. सात वर्षांच्या मुलाला आजच्या काळात हाफ पँट म्हणजे “बाळ” वाटू शकते, आणि रुसलेल्या मुलाच्या अंगावर कुठलाच सूट बसत नाही.

साधा कोट-पँटच शिवणार असाल तर दीड-पावणेदोन मीटर कापड, 58 इंची पन्हा, लिनन मिसळलेलं सुती किंवा हलकं टेरिवूल घ्या. मास्टरला सांगा, खांद्यात पॅड नको आणि पुढे जाड फ्युजिंग (आतून चिकटवायचं कडक कापड) नको. पँटच्या पट्टीत आतून काजांचं इलॅस्टिक आणि बटण घालून घ्या, किंवा सरळ गॅलिस लावा. लोंबणारी पँट खांद्यावर टांगायची ही 1780ची अक्कल अजून चालते. पँटच्या खाली अडीच इंच दुमड ठेवा. कोटाच्या बाहीतही दीड इंच दाब ठेवा. बाहीवर बटणं नुसती टाका, काजं कापू नका. एकदा काज कापलं की पुढच्या वर्षी बाही सोडता येत नाही. अस्तर पाठीच्या वरच्या भागाला आणि बाह्यांना पुरे, पण बाहीला हवंच, नाहीतर शर्टावरून कोट चढताना हात अडकतो. आणि शेवटची ट्रायल लग्नाच्या आठवड्यात घ्या, महिनाभर आधी नाही.